चरबीचा तुकडा निर्दोष निघाला, तरी जनुकाची तपासणी थांबवू नका

प्रश्न : माझे यजमान ५३ वर्षांचे असून माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. चार वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी त्यांच्या तळपायांची आग होऊ लागली, पुढे मुंग्या आल्या आणि आता गुडघ्यांपर्यंत बधिरपणा आहे. रक्तातील साखर थोडी वाढलेली असल्याने ‘शुगरमुळे नसा गेल्या’ असे सांगून दोन वर्षे गोळ्या आणि बी-१२ची इंजेक्शने दिली. नंतर पाठीतील पाण्यात प्रथिन वाढलेले आढळले, म्हणून नसांना सूज असल्याचे निदान झाले आणि इम्युनोग्लोब्युलिनचे दोन कोर्स दिले. त्यासाठी दागिने मोडले, पण गुण आला नाही. दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याची) शस्त्रक्रिया त्याआधीच झाली होती. वजन चौदा किलोने उतरले आहे. कधी आठवडाभर जुलाब, तर कधी चार-चार दिवस शौचास होत नाही. दुर्बिणीने आतडे तपासून तुकडाही घेतला, त्यात विशेष काही नाही असे सांगितले. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. दहा वर्षे चालू असलेली रक्तदाबाची गोळी आता लागतच नाही. नव्या डॉक्टरांना ‘अमायलॉइड’चा संशय आला, पण पोटावरील चरबीच्या तुकड्यात काही सापडले नाही. माझे मोठे दीर ५६व्या वर्षी हृदयाच्या आजाराने गेले, त्यांना पेसमेकर बसवला होता. सासऱ्यांच्या पायांना न दुखणाऱ्या जखमा होत, गावाने तो कुष्ठरोग धरला. आता नातेवाईक घराण्याला शाप असल्याचे बोलतात. मुलगी २५ वर्षांची आहे, तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलगा १५ वर्षांचा आहे. पुढे काय करावे? मुलांची तपासणी करावी का? आणि हा आजार बरा होतो का? (नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. तुमच्या वर्णनावरून ज्या आजाराचा दाट संशय येतो, तो आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस, म्हणजे ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे न विरघळणारे तंतू (अमायलॉइड) शरीरात साचत जाण्याचा, घराण्यातून येणारा आजार. तो आज समूळ बरा करता येत नाही, परंतु त्याची वाटचाल रोखणारी किंवा पुष्कळ मंदावणारी औषधे गेल्या दीड दशकात उपलब्ध झाली आहेत. ही औषधे मुख्यतः शिल्लक असलेल्या नसा वाचवतात. पूर्ण निकामी झालेली नस बहुतेक वेळा पूर्ववत होत नाही. उपचार न मिळाल्यास लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दहा वर्षांत हा आजार जीवघेणा ठरतो, आणि तुमच्या यजमानांची त्यांपैकी चार वर्षे इतर निदानांच्या मागे गेली आहेत. म्हणूनच चरबीच्या तुकड्यात काही न सापडल्यामुळे ‘आता थोडे थांबून पाहू’ असे कोणी सुचवले, तर ते मान्य करू नका. पत्रावरून निदान करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण पुढची तपासणी कोणती आणि किती लवकर, हे पत्रावरून निश्चित सांगता येते.

माझा संशय एखाद्या लक्षणावर उभा नाही. तळपायांची आग मधुमेहात होते, दारूने होते, बी-१२च्या कमतरतेनेही होते. मात्र तुमच्या यजमानांची साखर जेमतेम वाढलेली असताना चार वर्षांत बधिरपणा गुडघ्यांपर्यंत चढला, हा वेग सौम्य मधुमेहाला शोभणारा नाही. दोन्ही मनगटांत कार्पल टनेल होणे ही या आजाराची कित्येक वर्षे आधी येणारी खूण असू शकते, कारण अमायलॉइड मनगटातील अस्थिबंधांतही साचते. जुलाब आणि बद्धकोष्ठता आलटून-पालटून होणे, कारणाशिवाय वजन उतरणे आणि उभे राहताच रक्तदाब कोसळणे ही स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे रक्तदाब, पचन अशी आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या नसा, बिघडल्याची लक्षणे आहेत. पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता जाणे हेही याच गटातले लक्षण असून ते बरेचदा सर्वांत आधी येते, पण संकोचामुळे डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. ते विचारले गेले नसेल, तर यजमानांनी स्वतःहून सांगावे. दहा वर्षांची रक्तदाबाची गोळी आपोआप सुटली, ही घरात आनंदाची बातमी वाटली असेल. मला मात्र तुमच्या पत्रातील ही ओळ फार महत्त्वाची वाटते. जुना उच्च रक्तदाब असा विनासायास नाहीसा होतो, तेव्हा हृदय आणि स्वायत्त नसा या दोहोंची तपासणी केली पाहिजे.

इम्युनोग्लोब्युलिनचा गुण न येणे हाही एक पुरावाच आहे. नसांना दीर्घकाळ सूज येण्याच्या ज्या आजाराचे निदान तुमच्याकडे झाले, त्यात पाठीच्या पाण्यातील प्रथिन वाढते हे खरे. पण ते अमायलॉइडच्या आजारातही वाढू शकते आणि नसांच्या विद्युत-तपासणीचा अहवालही कधीकधी फसवा येतो. त्यामुळे जगभर या रुग्णांपैकी अनेकांवर आधी तोच शिक्का बसतो. तुमच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही, कारण असा रुग्ण अनेक मज्जाविकारतज्ज्ञांच्या उभ्या कारकिर्दीत दोन-चारदाच समोर येतो. मात्र योग्य मात्रेत दिलेल्या उपचाराचा काहीच उपयोग होत नसेल, तर औषधाची पुढची फेरी मागवण्याआधी निदान पुन्हा तपासले जायला हवे.

आता आजार थोडक्यात समजून घेऊ. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन आपणा सर्वांच्या रक्तात असते. ते मुख्यतः यकृतात तयार होते, अल्प प्रमाणात मेंदूतील द्रव स्रवणाऱ्या ऊतीत आणि डोळ्याच्या पडद्यातही बनते, आणि थायरॉइडचे संप्रेरक व अ जीवनसत्त्व वाहून नेण्याचे काम करते. चार सारखे घटक एकमेकांना धरून हे प्रथिन उभे असते. त्याची कृती सांगणाऱ्या जनुकात जन्मतःच एका अक्षराचा फरक असेल, तर चौरंगाचा पाय सैल व्हावा तशी ही बांधणी डळमळीत होते, घटक सुटे होतात, त्यांची घडी चुकते आणि त्यांचे न विरघळणारे तंतू नसा, हृदयाचा स्नायू, आतडी, मूत्रपिंड व डोळे यांत साचत जातात. असे १२०हून अधिक जनुकीय फरक आजवर आढळले आहेत. कोणता फरक आहे त्यानुसार कोणाच्या नसा आधी जातात, तर कोणाचे हृदय. एकाच घरात एका भावाला पायांचा आणि दुसऱ्याला हृदयाचा त्रास होणे त्यामुळे अजिबात विसंगत नाही. तुमच्या दिरांना पेसमेकर का लागला होता, याचे कागद मिळवण्याचा प्रयत्न करा.

आजाराचे पहिले सविस्तर वर्णन १९५२मध्ये पोर्तुगालच्या कोरिनो दि आंद्रादे या मज्जाविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केले. त्यांनी पहिली रुग्ण १९३९मध्ये पाहिली, ३७ वर्षांची एक स्त्री. ती पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरील पोवुआ द वार्झिं परिसरातील होती, आणि तेथील मच्छीमार वस्तीला हा ‘पायांचा रोग’ काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येतो हे वैद्यकशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. पुढे उत्तर स्वीडनमध्ये आणि जपानच्या काही भागांत असेच पुंजके सापडले. भारतातही अशी कुटुंबे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. आपल्याकडे तो होत नाही, हा समज चुकीचा आहे. तुमच्या घरातही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत उपयोगी माहिती असणार. सासऱ्यांच्या बहीण-भावांपैकी कोणाचे पाय बधिर होते, कोण चालताना पाय आपटत असे, कोण खंगत गेले, कोणाचे हृदय अचानक बंद पडले, हे विचारून तीन पिढ्यांचा तक्ता एका कागदावर मांडा. मी अनेकदा पाहिले आहे की असा कागद टेबलावर आल्यावर तज्ज्ञांचे विचार वेगळ्या दिशेने सुरू होतात.

सासऱ्यांना खरोखर कुष्ठरोग होता की हाच आजार, हे आता सिद्ध करता येणार नाही. दोन्हींत वेदना व उष्णता कळेनाशी होते आणि पायांना न दुखणाऱ्या जखमा होतात. कुष्ठरोगात सहसा त्वचेवर चट्टे असतात, काही नसा जाड लागतात आणि बधिरपणा ठिकठिकाणी विखुरलेला असतो. या आजारात तो दोन्ही तळपायांपासून सारखाच वर चढत जातो. महाराष्ट्रात कुष्ठरोग आजही आढळत असल्याने यजमानांच्या बाबतीत तोही तपासून बाजूला सारला पाहिजे.

आता चरबीच्या तुकड्याविषयी. हा तुकडा काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहतात आणि अमायलॉइड असेल तर हिरवी चमक दिसते. पण अमायलॉइड शरीरात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ट्रान्सथायरेटिनच्या प्रकारात पोटावरील चरबीत ते अनेकांना सापडत नाही. तुकडा लहान असेल किंवा तपासणाऱ्याला सराव नसेल, तर ही शक्यता आणखी वाढते. तुकड्यात अमायलॉइड दिसले तर निदान पुढे सरकते, न दिसल्यास मात्र काहीच नाकारता येत नाही. तुमच्याजवळ आणखी एक पुरावा पडून असण्याची शक्यता आहे. आतड्याचा जो तुकडा घेतला होता, त्याचा मेणात बसवलेला ठोकळा प्रयोगशाळा सहसा काही वर्षे जपून ठेवते. काँगो रेड हा रंग मागितल्याशिवाय वापरला जात नाही, त्यामुळे ‘विशेष काही नाही’ या अहवालाचा अर्थ अमायलॉइड शोधले होते असा होत नाही. लेखी अर्ज करून तो ठोकळा मागवा आणि नव्याने रंगवून घ्या. मनगटाच्या शस्त्रक्रियेत काढलेली ऊती तपासणीस पाठवली असेल, तर तिचेही तसेच करा. नव्याने काही कापण्याआधी हे करणे शहाणपणाचे.

या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या आणि त्यांसाठी एकमेकींची वाट पाहू नका. पहिली तपासणी अमायलॉइडचा दुसरा प्रकार वगळण्यासाठी आहे. अस्थिमज्जेतील पेशी बिघडून लाइट चेन नावाची प्रथिने जास्त तयार करतात, तेव्हाही जवळजवळ अशीच लक्षणे दिसतात, पण त्याचा उपचार केमोथेरपीच्या वर्गातील औषधांनी करतात आणि तिथे काही आठवड्यांचा विलंबही महागात पडतो. त्यासाठी रक्तातील फ्री लाइट चेनचे प्रमाण आणि रक्त व लघवी या दोन्हींची इम्युनोफिक्सेशन इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिने वेगळी करून ओळखण्याची तपासणी) करावी लागते. नुसती साधी इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही. दुसरी तपासणी ट्रान्सथायरेटिनच्या जनुकाची. हे जनुक अठराव्या गुणसूत्रावर असून आकाराने लहान आहे, त्यामुळे साध्या रक्ताच्या नमुन्यावर ते पूर्ण वाचता येते. वेदना नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि आतापर्यंत तुमचा जो खर्च झाला त्याच्या तुलनेत ही तपासणी अगदी किरकोळ किमतीची आहे. चार वर्षांपूर्वीच ती झाली असती, तर किती बरे झाले असते, असे तुमचे पत्र वाचताना वारंवार मनात आले.

जनुकाच्या अहवालातील आकड्यांनी गोंधळून जाऊ नका. जुन्या पद्धतीत ज्या फरकाला ३० क्रमांक देत, त्यालाच नव्या पद्धतीत ५० म्हणतात. मोजणीची सुरुवात वीस घरे आधीपासून होते, एवढाच त्यातील भेद. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर तो होकारही नाही आणि नकारही नाही. अशा वेळी ऊतीत अमायलॉइड सापडणे आणि ते कोणत्या प्रथिनाचे आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. जनुकात रोगकारक फरक सापडला, तरी लाइट चेनची तपासणी सोडून चालत नाही.

हृदयाची तपासणीही याच टप्प्यावर व्हायला हवी, तक्रार असो वा नसो. एकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड दिसतात, पण इसीजीवरील विद्युत लहरी मात्र त्या मानाने खुज्या असतात, ही विसंगती सूचक असते. सोबत हृदयावरील ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी, हृदयाच्या ठोक्यांची चोवीस तासांची होल्टर नोंद आणि हृदयातील अमायलॉइड शोधणारा टेक्नेशियम पायरोफॉस्फेट स्कॅन केला जातो. या स्कॅनचा अर्थ लाइट चेनचा अहवाल हातात असल्याशिवाय लावू नये, कारण दुसऱ्या प्रकारच्या अमायलॉइडमध्येही तो होकारार्थी येऊ शकतो. दिरांचा इतिहास पाहता हृदयाच्या विद्युतवहनातील अडथळा वेळीच शोधणे अत्यावश्यक आहे. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांच्या आतील जेलीसारखा भाग आणि दाब तपासून घ्या, लघवीतील प्रथिन मोजा, आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवा; हे शेवटचे काम तुम्ही घरच्या यंत्रावरही करू शकाल.

निदान पक्के झाले तर उपचार काय? सुरुवातीला यकृतप्रत्यारोपण हा एकच मार्ग होता आणि तो १९९०मध्ये स्वीडनमध्ये प्रथम अवलंबला गेला. सदोष प्रथिन यकृतात बनते, म्हणून यकृतच बदलायचे, हा त्यामागचा विचार. तरुण वयात, लवकर आणि ठरावीक जनुकीय फरक असताना त्याचा चांगला उपयोग झाला. परंतु पन्नाशीनंतर सुरू झालेल्या आजारात, विशेषतः हृदयात अमायलॉइड साचले असल्यास, प्रत्यारोपणानंतरही नेहमीच्या निर्दोष ट्रान्सथायरेटिनची भर पडून हृदय जाड होत राहू शकते. आपल्याकडे बहुधा जवळचा नातेवाईक यकृताचा भाग देतो, आणि या आजारात रक्ताच्या नातेवाइकाकडे तेच जनुक असू शकते, हा धोका वेगळाच. तुमच्या यजमानांसाठी हा पहिला पर्याय ठरेल असे मला वाटत नाही.

आजची औषधे दोन प्रकारे काम करतात. पहिला प्रकार प्रथिनाची बांधणी घट्ट धरून ठेवणाऱ्या गोळ्यांचा. त्यांतील टाफामिडिस या औषधाला युरोपात २०११मध्ये नसांच्या आजाराच्या पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे रुग्ण आधाराशिवाय चालत असताना, मान्यता मिळाली. हृदयाच्या आजारासाठी ते अधिक मात्रेत देतात. डायफ्लुनिसाल हे जुने, स्वस्त वेदनाशामक औषधही असाच परिणाम करते आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने नसांची हानी मंदावल्याचे दिसले. पण मूत्रपिंड, जठर आणि कमकुवत हृदय यांना ते त्रासदायक ठरू शकते, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते आणि घरातली दुसरी एखादी वेदनाशामक गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारची औषधे यकृतातील जनुकाचा संदेशच नष्ट करतात, त्यामुळे प्रथिन तयार होण्याचे प्रमाण खूप घटते. पॅटिसिरान हे २०१८मध्ये मान्यता मिळालेले औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. त्याच्या मुख्य चाचणीत २२५ रुग्ण होते आणि दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांच्या नसांची स्थिती सुरुवातीपेक्षा सुधारलेली आढळली, तर औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. नंतर आलेले वुट्रिसिरान तीन महिन्यांतून एकदा आणि एप्लोंटर्सेन महिन्यातून एकदा त्वचेखाली टोचतात. या औषधांमुळे अ जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी घटते, म्हणून त्याची रोजची नेमस्त मात्रा गोळीतून घ्यावी लागते, मात्र रक्तातील आकडा वाढवण्याच्या नादात ती वाढवायची नसते. जनुकच कायमचे बदलू पाहणारे उपचार अजून चाचणीच्या टप्प्यावर आहेत; त्यांच्या भरवशावर आजचे औषध लांबणीवर टाकू नये.

पैशाविषयी स्पष्टच लिहितो. संदेश नष्ट करणाऱ्या या औषधांची परदेशातील छापील किंमत वर्षाला कोटींच्या घरात जाते आणि शिक्षकाच्या पगारातून ती भागणे शक्य नाही. म्हणून निदान पक्के झाल्याबरोबर दुर्मीळ आजारांसाठी २०२१च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रात नाव नोंदवा. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. या धोरणातील अर्थसाहाय्य यादीतील आजारांपुरते असते, तेव्हा आपला आजार त्यात बसतो का हे तेथेच विचारून घ्या, आणि बसत नसला तरीही नोंदणी करा, कारण औषध कंपन्यांचे मोफत पुरवठ्याचे कार्यक्रम आणि नव्या चाचण्या यांचा मार्ग अशाच केंद्रांतून जातो. भारतात न मिळणारे औषध स्वतःच्या वापरासाठी आणायचे असल्यास केंद्रीय औषध नियंत्रकांकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह १२-अ या नमुन्यात अर्ज करून परवाना घेता येतो. मज्जातंतूचा तुकडा तपासण्याची वेळ आली, तर बंगळुरूचे निमहान्स आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे त्या कामाचा दीर्घ अनुभव आहे. ‘मुळापासून बरे करतो’ अशा जाहिरातींवर मात्र उरलेला एकही दागिना मोडू नका. काही भस्मांत शिसे किंवा पारा आढळतो आणि ते आधीच अशक्त झालेल्या नसांना व मूत्रपिंडांना अधिक इजा करतात.

मुख्य औषध मिळेपर्यंत करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींना खर्च नाही. अंघोळीचे पाणी यजमानांनी पायाने पाहू नये, तुम्ही कोपराने पाहून द्यावे. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नये. देवळातही अनवाणी चालणे टाळावे, निदान मोजे घालावेत, आणि रोज रात्री तळपाय उजेडात न्याहाळावेत, कारण खडा रुतलेला त्यांना कळणार नाही. पहाटे अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे, मगच उभे राहावे. पायांना व पोटाला घट्ट पट्टे बांधल्याने अंधारी कमी होते. जादा मीठ आणि पाणी मात्र हृदय तपासून झाल्यावरच वाढवावे. जुलाबांसाठी आणि नसांच्या वेदनेसाठी औषधे आहेत, पण वेदनेसाठी सर्रास दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन ही गोळी उभ्याचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. अमायलॉइड असलेल्या हृदयाला व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन आणि बीटा-ब्लॉकर ही नेहमीची औषधेही अनेकदा सोसत नाहीत, म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ‘अमायलॉइडचा संशय आहे’ हे वाक्य आधी सांगावे.

आता मुलांविषयी. हे जनुक प्रबळ पद्धतीने संक्रमित होते, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष प्रत आली तरी आजार होऊ शकतो. यजमानांमध्ये तो फरक सापडला, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो. जनुक आले म्हणजे आजार होईलच असेही नसते, कारण काही जण ते बाळगूनही म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहतात. म्हणून शापाच्या बोलण्याला घरात थारा देऊ नका. कोणाच्या पापाने किंवा कोणा सुनेच्या पायगुणाने हे घडलेले नाही, आणि हे नातेवाइकांना तुम्ही नव्हे, तर यजमानांनी सांगावे असे मला वाटते.

मुलाची तपासणी आज करू नये. लक्षणे दिसण्यापूर्वी कोणताही उपचार सुरू केला जात नाही, १५व्या वर्षी हाती आलेला अहवाल त्याला केवळ भार होईल, आणि स्वतःविषयी हे जाणून घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा त्याचा हक्क आपण हिरावून घेतल्यासारखे होईल. तो सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवील. तोपर्यंत वडिलांच्या आजाराविषयी त्याच्यापासून लपवाछपवी मात्र करू नका.

मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे हा निर्णय तिचा एकटीचा आहे. तुमचा नाही, भावी सासरचा तर मुळीच नाही. आधी वडिलांचा अहवाल येऊ द्यावा. त्यात फरक सापडला, तर तिने आनुवंशिकी समुपदेशकाला भेटावे आणि दोन-चार आठवडे विचार करून मग रक्त द्यावे किंवा न द्यावे. जाणून घेण्याचा खरा फायदा असा की, घरात आजार ज्या वयात सुरू झाला त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीपासून तिची नियमित तपासणी ठेवता येते, म्हणजे पहिली खूण दिसताच उपचार सुरू होतील आणि वडिलांसारखी वर्षे वाया जाणार नाहीत. पुढे मूल हवे असेल, तेव्हा गर्भधारणेपूर्वी किंवा नोंदणीकृत केंद्रात कायद्याच्या चौकटीत गर्भाची तपासणी करण्याचे पर्यायही तिला समजतील. आनुवंशिक आजाराचे कारण देऊन विमा कंपन्यांनी दावे सरसकट नाकारणे भेदभावाचे आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिला आहे. तरीही तपासणीपूर्वीच आरोग्यविमा घेणे व्यवहाराला धरून होईल, मात्र प्रस्तावातील कौटुंबिक आजारांविषयीच्या प्रश्नाला खरेच उत्तर द्यावे.

लग्नाच्या बोलण्यांत हे सांगावे का, असे तुम्ही उघड विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळींमधून तो प्रश्न मला दिसला. माझे मत असे की, बोलणी साखरपुड्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलीने स्वतः त्या मुलाला, दोघेच असताना, वडिलांना कोणता आजार आहे आणि आपल्याला तो होण्याची शक्यता किती आहे हे सांगावे. तिने तपासणी करून घेतली पाहिजे अशी अट कोणी घातली, तर ती मान्य करण्याचे बंधन तिच्यावर नाही. ऐकून तो मागे सरला तर वाईट वाटेल. पण लग्नानंतर कळल्यावर जे घडते त्याची पत्रे या सदराकडे येत असतात, आणि ती फार वेदनादायक असतात.

शेवटी तुमच्या जाऊबाई. दिरांच्या मुलांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. यजमानांच्या अहवालाची एक प्रत त्यांच्याकडे अवश्य पोहोचवा, कारण घरातील नेमका फरक माहीत असला की पुतण्यांच्या रक्तात तेवढीच एक जागा तपासावी लागते आणि ते काम स्वस्तात व लवकर होते. मात्र त्यांच्यापैकी कोणाला आताच मनगटात मुंग्या, पायांची आग, धाप किंवा चक्कर असा त्रास असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याने या आठवड्यातच हृदयाचा इसीजी आणि एको करून घ्यावा, आणि वडिलांना पेसमेकर बसवला होता हे डॉक्टरांना सांगावे.